दोरी वाळेपर्यंत

थांब येसेनिया, फाटक उघडू नकोस.
जाळीखाली अजून ओल आहे.
हात लावून बघ. पानाला नाही गं,
पानाला हात लावायचाच नाही. या दोरीला.
दोरी ओली तर नेचा ओला,
नेचा ओला तर आपण बाहेर.

माहीत आहे, पैसे जुडीमागे मिळतात,
उभं राहायचे कोणी देत नाही.
पियर्सनच्या या फाटकाशी बावीस वर्षं
मी अशीच फुकट उभी आहे,
थर्मासमधली कॉफी निवेपर्यंत.

करपा वाऱ्यावर फार लांब जात नाही.
पाण्याच्या शिंतोड्यातून उडी मारतो,
पुढचं अंतर आपल्याच पायांनी चालतो:
बाहीवर, गुडघ्यावर, कात्रीच्या पात्यात.
जून पानाच्या तो वाटेला जात नाही.
त्याला कोंब हवेत, मूठ न उघडलेले.
मूठ उघडते तेव्हा बोटं तपकिरी,
चुलीजवळ धरल्यासारखी.

म्हणून आधी निरोगी शेड. सात नंबर सगळ्यात शेवटी.
कात्री बादलीत बुडव, बूटही.
डागाळलेलं पान झटकू नकोस,
पिशवीत घाल, तोंड बांध.
आणि फवारणीचा बोर्ड लागला असेल
तर पर्डीसाहेब काहीही म्हणू देत, आत जायचं नाही.
औषध बुरशीला थोपवतं. करपलेलं हिरवं करत नाही.
आणि बुरशी कुठली, बाई कुठली,
एवढी पारख त्याला नाही.

आणि कपडे. दर शेडला वेगळे.
हसतेस काय?

रेफुहियो गेला त्या आठवड्यातली गोष्ट.
पलीकडच्या मळ्यावर तो घालायचा तो निळा शर्ट
दारामागच्या खिळ्याला तसाच होता.
मी धुतला नाही.
धुतला असता तर उरलं काय असतं?
तीन दिवस तोच घालून इथं आले,
चार नंबरला, मधल्या रांगेत वाकून.

महिना झाला नसेल, ती रांग तांबूस दिसली.
मग शेजारची. मग दोन एकर
जमिनीलगत कापून जाळावे लागले.
पर्डी म्हणाला, वादळानं आणलं असणार.
मी म्हटलं, हो, वादळानंच.
आज पहिल्यांदा कुणाला सांगते आहे,
तूही ऐकून सोड.

त्याच्या पेटीवर हाच नेचा होता, माहीत आहे?
पांढऱ्या फुलांच्या मागे, आपल्याच जुड्यांमधला.
लोक रडत होते आणि मी
पानं उलटून बघत होते, डाग आहेत का.

ही घे पिशवी. त्यात एक शर्ट आहे, निळा.
बाह्या तुला लांब होतील, दुमडून घे.
आता कितीदा धुतलाय म्हणून सांगू,
वास घेऊन बघ, नुसता साबण.

दोरी बघ परत.
नाही? बरं.
कॉफी घेतेस?