घासकाम

केणी मॅडम निवृत्त होतायत, दोन शब्द बोला, म्हणाले,
आणि माझ्या तोंडातून फक्त कागदांचे नंबर आले :
दोनशेवीस, चारशे, सहाशे, आठशे, बाराशे.
लोक हसले. मॅडम नाही हसल्या.

एकोणीस वर्षं मी रबाळ्याच्या या प्रयोगशाळेत
धातूचे तुकडे घासतो.
पहिल्याच दिवशी माझ्या हातातला तुकडा ओढून दाखवलं त्यांनी :
कागद बदलला की नव्वद अंशांत वळवायचा,
आधीचे ओरखडे पुरते जाईपर्यंत घासायचं,
मगच पुढचा कागद.
"आणि ओरखडा लपवायचा नाही, दिगंबर. घालवायचा."
मी लपवला होता.
त्यांना तो भिंगाशिवाय दिसला.

मग आरशासारख्या झालेल्या तुकड्यावर
आम्लाचा बोळा, आठ सेकंद, स्पिरिट, गरम हवा,
आणि सूक्ष्मदर्शकाखाली शेतं उगवतात,
कणाला लागून कण, मधे काळे बांध.
"बघ, सातबारा," म्हणायच्या.
त्यांच्या वडलांचं मिठागर नव्या शहरात गेलं.
साडेबारा टक्क्यांचा कागद यायच्या आधी वडील गेले.
त्यावर त्या एवढंच बोलत.
वडलांचं वाक्य मात्र तोंडात असायचं :
"मीठ कोनाला सोरत नाय."
फावडं, बिजागरी, होडीची साखळी,
घरातलं लोखंड मिठाने खाताना त्यांनी लहानपणी पाहिलं
आणि पुढे त्याच भुकेवर पीएचडी केली.

टिचकी मारून ऐकायची खोड.
कपबशी, कुकर, जिन्याचा कठडा.
घणसोलीचा नारळवाला त्यांना पाहून पाठ फिरवायचा.
एकदा माझ्या पोरीचा डबा वाजवून म्हणाल्या, बद्द वाजतोय, जपून.
(दिवाळीनंतर तळाला गेला.)
दुपारी कॅरम. हरल्या की दोष स्ट्रायकरचा,
तो घासून आणायला पुन्हा मीच.

तुर्भ्याहून क्रेनचा एक हूक आला,
दोन तुकड्यांत, फडक्यात गुंडाळून.
त्याखाली जो उभा होता
त्याचं नाव सोबतच्या कुठल्याच कागदावर नव्हतं.
मालकाचा माणूस काजूकतली घेऊन आला :
वजन जास्त झालं, एवढंच लिहा.
मॅडमनी तुटलेली बाजू दिव्याखाली धरली.
रेषा होत्या, कमानीत कमान,
ओहोटीनंतर ऐरोलीच्या चिखलावर उरतात तशा.
"भेग जिथे थांबली तिथे रेष. पुन्हा काम, पुन्हा पुढे.
मोज."
मी अंधार पडेपर्यंत मोजत होतो.
आणि जिथून सुरुवात, तिथे गंज,
कुणी एकदा वाकून बघितलं असतं तर दिसला असता एवढा.
अहवाल सगळा इंग्रजीत. शेवटची ओळ मराठीत, हाताने :
भेग जुनी आहे.

त्या कारखान्याची कामं बंद झाली.
मग त्यांच्या ओळखीच्यांचीही.
त्या वर्षी बोनस नव्हता, पोरीची फी मेव्हण्याने भरली,
आणि मी चार महिने मॅडमशी कामापुरतं बोललो.
त्यांनी कारण विचारलं नाही.
त्याही कामापुरतं बोलल्या.
मग एका दुपारी भोकाच्या तोंडाशी आलेली राणी
त्यांनी माझ्यासाठी सोडली. मुद्दाम. मला कळलं.
मीही ती मारली नाही.
जेवणाची सुट्टी संपेपर्यंत राणी तिथेच.

आज टेबल आवरताना हुकाचा अर्धा तुकडा
त्यांनी माझ्या हातात ठेवला. काही म्हणाल्या नाहीत.
बसमध्ये मांडीवर घेऊन दिघ्यापर्यंत आणला.
बायको म्हणाली, भंगार कशाला?
घरात जागा नाही.
पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवलाय,
तुटलेली बाजू वर,
तेलाचं बोट फिरवून.
खाडीवरून वारा येतो इकडे.