खडूची पावलं

सकाळी नऊला इलियास गुडघे टेकतो
आणि माझ्या पावलांभोवती खडू फिरवतो.
मधल्या सुट्टीत उतरले
तरी परत नेमकी इथेच उभी राहीन, म्हणून.
खडू गार लागतो, अंगठ्याशी गुदगुल्या होतात.
एकाहत्तराव्या वर्षी एवढं चालायचंच.

अँटवर्पच्या याच वर्गात पहिल्यांदा कपडे उतरवले
तेव्हा चोविशीत होते, शेगडी कोळशाची होती.
प्रोफेसर लॅमेन्स छडी घेऊन फिरत,
माझ्या खांद्यापासून वीतभर लांब
हवेतच रेघ ओढत:
हुबेहूब म्हणजे फक्त कातडी नव्हे पोरांनो,
आत हाड कुठे वळतंय ते कळलं पाहिजे.
बोट कधी लावलं नाही.
मीच घरी जाऊन आरशापुढे
ते वळण शोधत बसायचे.

मग एका सप्टेंबरात नवे मास्तर आले.
चौथरा अडगळीत गेला,
प्लास्टरच्या पुतळ्यांवर पोती पडली.
दिसतं ते टिपायला कॅमेरा आहे, बाई, म्हणाले,
तुमचे काय राहिले असतील ते पैसे घेऊन जा.
नऊ दिवसांचे राहिले होते. घेतले.
पुढे एकोणीस वर्षं स्टेशनामागे बटाटे तळले.
तिथे कुणी माझ्याकडे बघत नसे असं नाही,
पण बघायचे ते कढईच्या वाफेतून,
आणि घाईत.

परत बोलावणं आलं तेव्हा वाटलं, चुकून लागला फोन.
पोरांना म्हणे माणूस काढायचाय.
कॅमेरा आता ज्याच्या त्याच्या खिशात,
तरी, किंवा त्यामुळेच. मला काय कळतंय.
मी आधीच सांगून टाकलं:
डावा स्तन नाही, मांडीवर तेलाचे डाग आहेत,
पाच मिनिटांहून जास्त हात वर धरवत नाही.
पलीकडून बाई म्हणाली, मंगळवारी या.

आता बारा इझल, बारा गोदेलीव.
ओदीलने नुसता व्रण काढलाय,
दाराएवढ्या कॅनव्हासवर,
नांगरून ठेवलेल्या ओल्या शेतासारखा.
एकीच्या चित्रात मला आईचे गुडघे सापडले.
ही पोर माझ्या आईला कुठे भेटली?
एकाने मला फार शांत केलंय. मी त्या वेळी
मनात विजेचं बिल भरत होते.

इलियासच्या चित्रात व्रणच नाही.
सात आठवडे तो त्याच चित्राशी बसलाय,
पोटरीच्या एका शिरेसाठी
निळ्यात हिरवं, हिरव्यात करडं घालत.
मी म्हटलं, काय रे, दया आली?
तो गोंधळला. नाही हो,
माझ्या स्टुलावरून तुमचा दंड आड येतो.
बसून बघा.

झगा गुंडाळून बसले.
समोर रिकामा चौथरा, त्यावर खडूच्या दोन पावलांच्या रेघा,
मागे भिंतीत एक खिळा.
मी अर्थातच तिथे नव्हते.
तरी डोळे बारीक करून
एक म्हातारी उभी केली, तिचा हात वाकवला
आणि पाहिलं.
खरंच, दंड आड येतो.

कुणीच खोटं काढलं नव्हतं,
आणि कुणाच्याच चित्रात मी पुरती मावले नव्हते.
याचं वाईट वाटावं की बरं,
ते ठरवायच्या आत सुट्टी संपली.

पाचला दिवे पिवळे होतात.
तोवर माझी पावलं सुजून
खडूच्या बाहेर आलेली असतात, दोन्ही बाजूंनी.
लॅमेन्स असते तर म्हणाले असते, पुन्हा काढ.
इलियास म्हणतो, राहू दे.

सगळे गेल्यावर झिनेब फरशी पुसायला येते.
पहिल्या आठवड्यात विचारलं होतं तिने,
हे पुसू का? आता विचारत नाही.
पाण्याचा पोचा कडेकडेने नेते,
टाचांपाशी तर दोन बोटांनी चिंधी धरून.
मी बटणं लावत बघते.
भोवती ओली, काळी, चकचकीत फळी
आणि मध्ये दोन पांढरी पावलं,
सकाळच्या मापाची.