उलटा हात

रेशनच्या मशीनवर बापूचा अंगठा उमटत नाही.
चिंतलवार काच पुसतो, अंगठा पुसतो,
म्हणतो, "काका, जराशी थुंकी लावा."
नाईच.
हिरवा दिवा लागतो तो माझ्या अंगठ्यावर.
सहा जणांचे तांदूळ
माझ्या एका बोटाच्या रेघांवरून घरी येतात.

आमच्या घराण्याचे तळवे पिवळे,
जुन्या मेणासारखे, सलग, जाड,
आणि मनगटाशी ते संपतात तिथं
लालसर काठ, लुगड्याला असतो तसा.
बापूचे. दादाचे. गिरजाआत्याचे.
माझे नाहीत.

गावाला वाटायचं, बांबूनं केलं.
बुरूडकामात हात असे व्हायचेच.
बापूलाही तेच वाटे, आणि त्याचा थोडा ताठाही होता;
सुपाचा काठ वळताना माय बोटांना चिंध्या बांधायची,
याला कांबीची धार लागतच नसे.
हसायचा.

पण गिरजाआत्यानं जन्मात कांब सोलली नाही.
दहावी होऊन अंगणवाडीत लागली,
पोरांना खिचडी वाढते तेव्हाही
डावा हात पदराखाली.
सासरी आठ महिने राहिली.
नवरा म्हणाला होता, हिनं हात धरला की चरचरते.

सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईंनी
बापूचा हात आणि मायचा हात शेजारी शेजारी ठेवले टेबलावर.
लग्नानंतर पहिल्यांदाच ते तसे चारचौघांत.
मायच्या बोटांच्या मुळाशी चार घट्टे,
मधला तळवा मऊ.
"हे कामानं आलेले. काम थांबलं की जातील."
मग बापूचा हात उलटसुलट करून,
"हे तुम्ही जन्मतःच घेऊन आलात.
प्रत्येक लेकराच्या वेळी नाणं उडतं.
छापा नाहीतर काटा."
मी कोणती बाजू, ते मी विचारलं नाही.

बस मूलला येईस्तोवर बापू बोलला नाही.
मग म्हणाला,
"म्हणजे माह्या मेहनतीचं हातावर काईच दिसत नाई का वो?"
मायनं आपले घट्टे पदरात घेतले.

रात्री घमेल्यात कोमट मिठाचं पाणी,
त्यात चार पाय, बापूचे आणि दादाचे.
ट्यूब संपली की मोहाच्या टोळीचं तेल.
सुरी वापरू नका, असं बाईंनी बजावलं होतं;
बापू कांब सोलायच्या सुरीनंच टाच सोलतो,
कांद्याच्या सालीएवढे पापुद्रे,
माय ते झाडूनं गोळा करते आणि चुलीत टाकत नाही,
बाहेर नेऊन पुरते. का, ते ती सांगत नाही.
पौषात भेगा पडल्या की दादा
टाचा न टेकवता चालतो,
स्वतःच्याच घरात चोरासारखा.

लोक म्हणतात, तळहातावरच्या फोडासारखं जपलं.
आमच्याकडे तळहातावर फोड येतच नाही.
आमच्याकडे लेकराच्या गालावर
हात उलटा करून फिरवतात,
पाठीमागची कातडी तेवढी पातळ म्हणून.
गावात उलटा हात म्हणजे थोबाडीत.
मी शाळेत गेले तेव्हा कळलं ते.
एका बाईंनी कौतुकानं तळवा गालाला लावला
आणि मी डोकं मागं घेतलं.

काल आरोही सहा महिन्यांची झाली, दादाची.
बापूनं तिला दिव्याजवळ नेलं,
पाय वर धरला, अंगठ्यानं टाच दाबली, पुन्हा दाबली.
"तू पाह्य," मला म्हणाला,
"माह्या बोटाले समजत नाई."
वहिनी दारात उभी.
मी टाचेवरून अंगठा फिरवला,
सहा जणांचे तांदूळ आणणारा तोच.
कडेला किंचित काही. किंवा दिव्याचा पिवळेपणा.

"उजेड कमी आहे," मी म्हटलं. "सकाळी पाहू."

मग मीही हात उलटा केला
आणि तिच्या गालावरून फिरवला,
माझा तळवा मऊ असूनही.