कड

अल्फियाने टेम्पोचं दार उघडलं
आणि टेम्पो कागदाचा निघाला.

बाहेरून सगळं ठीक होतं:
पिवळा रंग, गंजाचे दोन डाग,
मागच्या फळीवर वाकडं 'तुर्भे–भिवंडी'.
दार नव्वद अंशांत आलं तेव्हा मात्र
पत्र्याची रेघ झाली,
मग रेघही राहिली नाही.
आतल्या सीटवरून पाहिलं तर दारच नव्हतं,
थेट पलीकडचा रस्ता.
आमचा पत्रा एकाच बाजूने असतो,
दुसरी बाजू रंगवायची तसदी
यंत्र घेत नाही.

तिने तक्रारीत एवढंच लिहिलं,
'गाड्यांना जाडी नाही.'
गाड्या एकोणीस. मुदत शुक्रवार.

महापेच्या चौथ्या मजल्यावर
एसीच्या झोतात शाल गुंडाळून
मी जाडी द्यायला बसले.
एक बटण असतं त्यासाठी.
दाबलं की प्रत्येक पृष्ठाला आतून जुळं फुटतं,
दार सुजतं, आरसा सुजतो,
वायपरची होते गवारीची जून शेंग,
आणि आठशे त्रिकोणांचा टेम्पो
दोन हजारांच्या पुढे जातो.
कोपऱ्यांत आतले पत्रे एकमेकांत घुसून
लुकलुकत राहतात,
एकाच जागेवर दोघांचं नाव असल्यासारखे.

निनाद मागे उभा राहून म्हणाला,
'सात हजारांच्या मोबाइलवर चालायचाय हा खेळ.
पातळ कर.'
पातळच होता की, मी म्हटलं.
तो चहाला गेला.

जेवणाच्या सुट्टीत रिक्षा केली, तुर्भ्याला.
(रिक्षाला दार नसतं.
माझी तेवढी एकच गाडी पहिल्या फटक्यात पास झाली होती.)
ट्रक टर्मिनलच्या मागे, टायरांच्या उतरंडीपलीकडे
मढवींचं डेंटिंगचं शेड.
दोन टायरांवर एक दार आडवं, सोललेलं,
कुठल्या तरी टेम्पोचं.
मी पर्समधून भाचीची सहा इंची पट्टी काढली.

'काय गो पोरी, दाराला ड्रेस शिवतेस?'

पत्रा किती जाड असतो, मी विचारलं.
त्यांनी अंगठ्याचं नख पुढे केलं.
'एवढाच. बावीस गेज.'

मग एवढं भक्कम कसं दिसतं दार?

ते बोलले नाहीत.
कातरणीतला एक तुकडा उचलला,
कड पकडीत धरून वाकवली,
लाकडी मोगरीने ठोकत ठोकत
पत्र्यावरच पत्रा बसवला.
'मुडपली की दार झालं.
नाही मुडपली तर सुरी.'
तळहातावरचा जुना पांढरा व्रण
त्यांनी दाखवला नाही,
मला दिसला.

मग माझं बोट धरून दाराच्या फटीत घातलं.
आत काही नव्हतं. गार पोकळी,
तळाशी थोडी वाळू
आणि कुणाची तरी हरवलेली बडीशेपची पुडी.
'भरीव केलं, तर काच खाली जाईल कुठं?'

म्हणजे खरा टेम्पोही
जवळजवळ नसतोच.
पट्टी मी न वापरताच परत ठेवली.

दुपारी बटणाचं सगळं काम पुसलं.
जिथे दार उघडतं तेवढ्याच कडेवरून
बोटभर रुंद पट्टा फिरवला, आत मुडपून.
आतल्या बाजूला साधं एक पृष्ठ,
त्याचं तोंड ड्रायव्हरकडे.
आरशाला काही नाही. वायपरला तर नाहीच.
दाराला छत्तीस त्रिकोण लागले.
बाकीची जाडी
बघणाऱ्याने स्वतःच्या डोळ्यातून घालावी.

टँकरच्या पोटात कुणी कधी डोकावत नाही,
तो तसाच सोडला, एका बाजूचा.

संध्याकाळी अल्फियाने दार उघडलं,
लावलं, उघडलं,
वाकून खालूनही पाहिलं.
मग तक्रार बंद केली
आणि लगेच दुसरी लिहिली,
'दार लागताना आवाज येत नाही.'

मोगरीचा आवाज अजून कानात होता.
मोबाइल मात्र तेव्हा
पर्समध्येच राहिला होता,
पट्टीशेजारी.