गृहपाठ : एका शेताचं नाव

सोमवारी फळ्यावर लिहिलं :
घरी विचारून या, तुमच्या एका शेताचं नाव.
सरकारी नकाशातलं नको, तिथे नुसते आकडे आहेत.
आजोबा कुत्र्याला मेंढ्यांमागे पिटाळताना
जे ओरडतात, ते.

भिंतीवर मी मेयोचा आमचा कोपरा चिकटवला,
चार चादरींएवढा कागद :
टेकडी, तळं, पीटची काळी दलदल,
आणि दगडी बांध, उतारभर पसरलेले,
कुणी वाळत घालून विसरलेल्या जाळ्यासारखे.

मंगळवारी नावं आली.
ओरानचं 'विहिरीचं वावर'. विहीर आता नाही.
ब्लाहनिडने आणलं 'गारी ना म्रा', बाईची बाग.
लिहायचं म्ना, म्हणायचं म्रा;
का, ते मला विचारू नका.
कुठली बाई, ते तिच्या पणजीलाही ठाऊक नाही.
फीआख्राने चार आणली, त्यातलं एक तर शिवीच.
तेही लिहिलं. पेन्सिलीने.

बुधवारी पाऊस उघडला, ऊन तिरपं झालं,
तशी मी त्यांना बाहेर नेलं.
समोरच्या उतारावर सावल्या उठल्या :
सरी, वरंबा, सरी, वरंबा, थेट खडकापर्यंत.
इथे बटाटे होते, मी म्हणाले.
'मोठी भूक' आली, त्यानंतर
इथे कुणी कुदळ घातली नाही.
इंग्रजीत यांना आळशी वाफे म्हणतात.
समुद्राचं शेवाळ पाठीवरून वर आणून
खडकावर माती केली ज्यांनी, त्यांच्या वाफ्यांना
आळशी.

"मग मासे का नाही खाल्ले?"
दरवर्षी कुणीतरी विचारतंच.
जाळी गहाण पडली होती, पिठासाठी.
दरवर्षी हेच उत्तर देते मी,
आणि दरवर्षी घसा खाकरावा लागतो.

विनी मागे उभी होती, हात बाह्यांत ओढून घेतलेले.
तिचे लोक ट्रॅव्हलर, पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावरचे.
गावात त्यांना आणखीही काही म्हणतात,
ते माझ्या वर्गात चालत नाही.
तीन दिवस ती मूग गिळून होती
आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नव्हता :
शेत कुठून आणणार ती?
बावीस वर्षं शिकवतेय मी.

गुरुवारी तिने आपणहून वही उघडली.
"आजोबांना लिहिता येत नाही. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं."

घोडी व्यायली ते वळण.
पाणी देणाऱ्या बाईचं फाटक.
चुनाभट्टीमागचा आडोसा, नॅन जन्मली तो.
पोलिसांनी पहाटे उठवलं ती जागा.

अशी अकरा.
नकाशावर बोट टेकवून ती शोधत गेली,
बांधांच्या मधून, पांढऱ्या रेघांवरून,
जिथे काही लिहावं असं
मला कधी सुचलंच नव्हतं.
वळणाशी बोट थांबलं. मी म्हणाले,
अगं, इथून तर मी रोज येते,
इथे मोठाले दगड टाकलेत की.
"हो," विनी म्हणाली. "आम्ही थांबू नये म्हणून."

कुणीतरी खुर्ची सरकवली.
शेगडीत पीटचं ढेकूळ ढासळलं.

मग ब्लाहनिड उठून नकाशाजवळ आली.
"ते फाटक आमच्या बागेला लागूनच आहे.
ती पाणी देणारी बाई कोण गं?"
विनीने खांदे उडवले.
"आजोबांना नाव नाही आठवत. म्हणतात,
तिच्या हाताला कांद्याचा वास यायचा."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.
तीच असेल. नसेलही.
पुस्तकात बघून सांगते, असं म्हणायची सोय नव्हती.
पेन्सिलीला टोक काढून आण, मी विनीला म्हणाले,
रेघ अरुंद आहे,
अक्षर बारीक काढावं लागेल.