पान एकशे बारा

मंगळवारी संध्याकाळी हेक्समच्या वाचनालयात
हीटर पुन्हा रुसलेला.
सहा माणसं, सहा कोट, एकच कादंबरी,
दीडशे वर्षांपूर्वीची,
आणि हेस्टर ओल्डरॉइड बाई, हातात अर्धं बिस्किट.

पान एकशे बारा. नायिका जिन्यावरून म्हणते,
‘आय विल नॉट.’
डॉरकस विचारते, म्हणजे ती उद्या करणार नाही?
उद्याचा संबंधच नाही, बाई म्हणतात.
तिला नकोय. आत्ता.
विलमध्ये आधी इच्छा होती, भविष्य मागाहून राहायला आलं.
मृत्युपत्राला अजून तेच नाव आहे, बघा.

डॉरकसच्या पर्समध्ये नवऱ्याचं मृत्युपत्र होतं,
सोमवारीच वकिलाकडून आणलेलं.
तिने पर्सची चेन लावली.

पुढे कर्जबाजारी भाऊ बहिणीला सांगतो,
‘यू शॅल हॅव इट.’
तुला मिळेल, असा अंदाज नव्हे हा.
शॅल म्हणजे मुळात देणं लागणं:
मेंढ्या, चांदी, सांडलेल्या रक्ताची भरपाई.
देणं लागतो, म्हणून द्यावं लागतं.
तो भविष्य सांगत नाहीये,
स्वतःच्या नावावर लिहून घेतोय.
(पुढच्या प्रकरणात तो बोटीने पळून जातो,
पण ते व्याकरणात येत नाही.)

आणि कॅन?
कॅन म्हणजे येणं.
लॅटिन येणं, शिवण येणं, वाट येणं.
जमणं त्यानंतरचं.

तीन आठवडे गप्प बसलेला कथबर्ट मिलबर्न
टोपी गुडघ्यावर फिरवत म्हणाला,
हा भाऊ परत ‘माइट कुड’ येईल.
बँकेतून निवृत्त झालेले पार्जेटर हसले.
एका वाक्यात दोन दोन! एक काय ते ठरवा.
कथबर्टचे कान लाल.
ह्याच दोन शब्दांसाठी शाळेत
त्याच्या बोटांच्या पेरांवर पट्टी बसली होती,
तेव्हा तो नऊ वर्षांचा होता.

बाईंनी बिस्किट खाली ठेवलं.
कुणाकडून आलं हे तुम्हाला?
आईकडून. तिला तिच्या आईकडून.
पुन्हा म्हणा.
त्याने म्हटलं.
बाईंनी ते पुस्तकाच्या समासात लिहिलं, पेन्सिलने,
वाचनालयाचं पुस्तक असूनही.

आठ वाजत आले. खिडकीवर बर्फमिश्रित पाऊस.
प्रकरणाची शेवटची ओळ पार्जेटरांनी वाचली:
‘आय मस्ट अवे.’
छापायचं राहिलंय काहीतरी, ते म्हणाले,
जाणं कुठंय ह्यात?
बाई म्हणाल्या, ते लिहायची गरज पडत नसे.
मस्ट म्हणेपर्यंत माणूस दारात असायचा.

कथबर्ट उठला. वरच्या कुरणात
एक मेंढी आज रात्री विणार होती.
त्याने टोपी घातली, सगळ्यांकडे पाहिलं,
आणि म्हणाला, ‘मस्ट.’

दार उघडलं, गारठा आत आला.
त्याचा चष्मा टेबलावरच राहिला होता,
पान एकशे बारावर.
डॉरकसने तो उचलला. धावत गेलं
तर तो अजून पुलापाशी सापडावा.