दर दहा मिनिटांनी

समुद्रतळाच्या खाली आणखी चारशे मीटर
नळीच्या घशात बसलाय तो.
अंगात एक स्प्रिंग, एक झडप, एक बॅटरी.
न ऐकणाऱ्याला म्हणतात, कानात तेल घालून बसलाय.
हा तर नखशिखांत तेलातच,
आणि तरी ऐकतो.

आधीच्या झडपेला वरून एक नाळ होती,
करंगळीहून बारीक स्टीलची, दाब नेणारी.
एकोणिसाव्या वर्षी ती आत कुठेतरी चेपली.
कुठे, ते शेवटपर्यंत सापडलं नाही.
विहीर बुजवायची की सगळी नळी उपसायची
यावर स्टाव्हांगरच्या ऑफिसात अकरा बैठका झाल्या.
बाराव्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, बिनतारी बसवू.

आता दर दहा मिनिटांनी
पोलादातून एक बारीकशी थरथर खाली जाते.
तिचा अर्थ लावायचा तर एकच शब्द:
आहे.
तेवढ्या शब्दावर तो झडप उघडी धरून उभा राहतो.
लागोपाठ तीनदा आला नाही, की सोडून देतो.
उघडं राहायला त्याला जोर लागतो,
मिटायला काहीच लागत नाही.

नोव्हेंबरात, रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी
त्यानं मिटून घेतलं.
कंट्रोल रूममध्ये सुन्निवा
कोमट कॉफीचा कप धरून
पडद्यावरचा दाब उतरताना बघत राहिली.
आग नाही. गळती नाही.
डेकवरच्या एका डब्याचं झाकण वाऱ्यानं उचकटलेलं,
कनेक्टरमध्ये चमचाभर खारं पाणी.
बस्स, एवढंच.

सकाळी किनाऱ्यावरून फोन.
किती तासांचं उत्पादन गेलं, ते दशांशापर्यंत.
मग जरा गोडीत:
इतकं हळवं कशाला ठेवायचं त्याला?
तिनाच्या जागी तीस करून टाका ना.

तीस म्हणजे पाच तास.
सुन्निवानं हिशेब केला आणि फोन स्पीकरवर टाकला.
समोर तोर्लाइफ ब्रेडवर ब्राऊन चीज कापत होता,
एकसष्ट वर्षांचा, डावा कान पंपांनी नेलेला.
तो फोनशी बोलला नाही, चीजशी बोलल्यासारखा बोलला.

आमच्या बेटावर सात वाजता रेडिओ लागायचा.
प्रत्येक होडीनं आपलं नाव सांगायचं, बाकी काही नाही.
साडेसातपर्यंत नाव आलं नाही
तर उरलेल्या सगळ्या होड्या निघायच्या.
एकदा माझ्या बापाचं नाव आलं नाही.
नऊ होड्या. गारा पडत होत्या.
आई धक्क्यावर उभी, एका पायात बूट, एका पायात मोजा.
सापडला तो खडकाआड नांगर टाकून,
घोरत.
रेडिओचा खटका पालथा,
शेगडीवर माशाचा रस्सा अजून गरम.

मग, फोन म्हणाला.

मग काय.
आयलिव्हनं एक शिवी हासडली.
पहाटे त्याच्याच घरी सगळ्यांनी कॉफी प्यायली.
दुसऱ्या दिवशीही वेळ साडेसातचीच होती.
आठ कुणी केली नाही.

पलीकडे कुणीतरी कागद चाळले.
सुन्निवानं नोंदवहीत लिहिलं:
झडप मिटली. कारण, वरून आवाज नाही.
पुढच्या रकान्यात, जिथे बिघाडाचा प्रकार लिहायचा असतो,
तिथे आधी रेघ मारली,
मग रेघ खोडून लिहिलं: बरोबर वागली.

दुपारी नवा कनेक्टर.
वरून सावकाश दाब भरत नेला,
झडपेच्या दोन्ही अंगांना सारखा होईपर्यंत,
कारण झडप ढकलून उघडायची नसते,
तिच्यावरचं ओझं आधी उतरवावं लागतं.
चार वाजायच्या आत अंधारलं.
सुन्निवानं बटण दाबलं.

ऐकू येण्यासारखं त्यात काहीच नव्हतं,
हे तोर्लाइफला तिच्याहून जास्त ठाऊक.
तरी तो हेल्मेट काढून विहिरीच्या तोंडापाशी वाकला
आणि धडका कान
थंडगार पोलादाला लावून
बराच वेळ तसाच राहिला.